छोट्या शहरात गुंतवणूक: प्रदर्शनाचा मांडव, घरचा लॅपटॉप की एसटीचं तिकीट?

पुण्यातल्या एका हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये मी एनए (बिगरशेती) प्लॉटच्या स्टॉलवर बसलो होतो. टेबलावर काचेखाली ले-आउट, शेजारी चहा, समोर अतिशय आदबशीर मुलगा. ‘समृद्धीपासून फक्त दहा मिनिटं, सर.’ मी विचारलं, सातबाऱ्यावरचा गट नंबर काय? तो हसला. ‘तो साइट व्हिजिटला देतो ना सर, आधी प्लॉट तर पसंत करा.’ पुढचा पाऊण तास त्यानं क्लबहाऊसपासून पाच वर्षांतल्या भाववाढीपर्यंत सगळं सांगितलं. गट नंबर तेवढा सांगितला नाही. निघताना हातात पडलेल्या गुळगुळीत माहितीपत्रकातल्या नकाशाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं, ‘नकाशा प्रमाणात नाही.’

तरी मी प्रदर्शनांना जातो आणि दुसऱ्यांनाही जा म्हणतो. फक्त तिथून काय मिळतं आणि काय मिळत नाही याचा हिशेब स्वच्छ हवा. मांडवात माल दिसतो, म्हणजे कोण काय विकतोय, कितीला विकतोय, कुठल्या बाजूला विकतोय. गिऱ्हाईक दिसत नाही. राहायला घर घेणाऱ्याचं यात फार अडत नाही, कारण गिऱ्हाईक तो स्वतःच असतो. गुंतवणूक म्हणून घेणाऱ्याला मात्र आज ना उद्या ते घर कुणाला तरी भाड्यानं द्यायचंय किंवा विकायचंय. तो ‘कुणीतरी’ कोण, हे ज्या मार्गानं जास्त कळेल तो मार्ग त्याच्या कामाचा.

नाशिक, कोल्हापूर, लातूर, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर अशा शहरांत पैसे टाकायचा विचार असेल तर माहिती काढायचे चार रस्ते आहेत. मुंबई-पुण्यात भरणारं प्रदर्शन, त्याच शहरात भरणारं प्रदर्शन, घरबसल्या सरकारी पोर्टल, आणि स्वतः जाऊन दोन दिवस पायपीट. पहिल्या दोन्हींना लोक एकाच मापानं मोजतात. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक त्या दोघांतच आहे.

महानगरातलं प्रदर्शन

याचा प्रेक्षक ठरलेला असतो. गाव सोडून वीस-पंचवीस वर्षं झालेले, हातात थोडी शिल्लक असलेले, ‘आपल्या भागात काहीतरी असावं’ असं वाटणारे. नाहीतर ज्यांना शहरातला टू बीएचके परवडत नाही म्हणून तेवढ्याच पैशात दोन प्लॉट घेऊन ठेवू म्हणणारे. भावनेला हात घालणं सोपं जातं आणि विकणाऱ्यांना ते पक्कं माहीत असतं.

इथं एकदा उभं राहून आजूबाजूला बघा. हॉलमधला जवळजवळ प्रत्येक जण तुमच्यासारखाच गुंतवणूकदार आहे. त्या गावात राहायला जायचंय असा क्वचितच एखादा. मग पाच वर्षांनी या शंभर-दीडशे जणांना एकाच वेळी विकायचं झालं, तर घेणार कोण? पुन्हा अशाच एका हॉलमधला गुंतवणूकदार, आणि त्याच्यापुढे तोवर बिल्डरचा ‘फेज थ्री’ चकचकीत ब्रोशरसकट हजर असणार. तुमच्या प्लॉटला ना स्टॉल, ना चहा. अशा मालाची पुनर्विक्री का रखडते, याचं उत्तर त्या गर्दीतच उभं असतं.

दुसरी अडचण स्टॉलवर बसलेल्या माणसाची. तो बहुतेक वेळा एजंटकडचा किंवा मार्केटिंग एजन्सीचा असतो. साइट त्यानं एकदा पाहिलेली असली तरी पुष्कळ झालं. पावसाळ्यात त्या रस्त्यावरून दुचाकी जाते का, असं विचाराल तर तो ड्रोनचा व्हिडिओ दाखवेल. व्हिडिओ हमखास जानेवारीतला.

अंतरं मिनिटांत सांगायची पद्धतही इथलीच. समृद्धी महामार्गाचंच घ्या. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, पहिला नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे जून २०२५ मध्ये. रस्ता खरा आहे, झालेला आहे, त्यात फसवणूक काही नाही. पण तो प्रवेश-नियंत्रित रस्ता आहे. बांधाला लागून गेला म्हणून शेतातून त्यावर चढता येत नाही, इंटरचेंज गाठावा लागतो. ‘समृद्धीपासून दहा मिनिटं’ म्हणजे कुंपणापासून की इंटरचेंजपासून, एवढं विचारलं की बऱ्याच स्टॉलवर मॅनेजरला बोलवायची वेळ येते.

आणि फार्महाऊस प्लॉट. याच्यावर थोडं थांबतो, कारण महानगरातल्या प्रदर्शनात हा प्रकार फार आणि तोटा सगळ्यात जास्त इथंच होतो. जमीन बिगरशेती झालेली नसते. ‘एनए प्रोसेसमध्ये आहे’ हे वाक्य दोन वर्षांपूर्वीही तेच असतं आणि दोन वर्षांनीही तेच राहतं. शेतकरी खातेदार नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन सरळ घेता येत नाही, कूळकायदा आड येतो. तरीही दहा-अकरा जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवून ‘तुमचे दोन गुंठे’ दिले जातात. कागदावर तुमचा हिस्सा असतो, पण कुठला तुकडा तुमचा हे फक्त बिल्डरच्या ले-आउटवर असतं, सरकारी मोजणीत नसतं. विकताना बाकीचे दहा जण कुठं कुठं विखुरलेत ते शोधत बसायचं. माझ्या मेहुण्यांनी असा एक हिस्सा घेतलाय. सहहिस्सेदारांपैकी एक वारले, त्यांच्या वारसांची नोंद व्हायची आहे, आणि तेवढ्यासाठी सगळ्यांचंच खोळंबलंय.

मग महानगरातल्या प्रदर्शनाला जायचंच नाही का? जावं, एका कामासाठी. ज्या शहराबद्दल काहीच माहीत नाही तिथं कुठल्या दिशेला बांधकाम सरकतंय, हे एका संध्याकाळी कळतं. चार स्टॉल एकाच रस्त्याचं नाव घेत असतील तर तो रस्ता वहीत लिहून ठेवावा. खिशातून मात्र वहीच काढायची, चेकबुक घरी ठेवायचं.

त्याच शहरातलं प्रदर्शन

नाशिकचं ‘शेल्टर’, कोल्हापूरचं ‘दालन’ ही क्रेडाई या बिल्डरांच्या संघटनेच्या स्थानिक शाखांनी भरवलेली प्रदर्शनं. बाकीच्या शहरांतही बिल्डर संघटना, कधी एखादी बँक, असं काही ना काही भरवत असतात. मांडव, फुगे, सोडत, मॉड्युलर किचनचे नि सोलरचे स्टॉल, ते सगळं तिथंही असतं. पण हवा निराळी असते.

पहिली गोष्ट, गर्दी स्थानिक असते. सासू-सुना, शाळामास्तर, जिल्हा परिषदेतले लोक, नुकतं लग्न ठरलेलं जोडपं. ते जे प्रश्न विचारतात ते कान देऊन ऐकावेत, कारण तुमचा पुढचा भाडेकरू किंवा गिऱ्हाईक तेच बोलतंय. पाणी महापालिकेचं की टँकरचं? शाळेची बस येते का? लिफ्टला बॅकअप आहे का? कोणत्या मजल्याला आणि कोणत्या दिशेला नाही म्हणतात? एका स्टॉलवर मी नुसता उभा राहून अर्धा तास ऐकत होतो. तेवढ्यात चार कुटुंबांनी वन बीएचके आहे का विचारलं आणि चारही परत गेली, कारण प्रकल्पात सगळे थ्री बीएचके होते. एवढी नेमकी माहिती मला कुठल्या अहवालात मिळाली नसती.

दुसरी गोष्ट, बऱ्याच स्टॉलवर बिल्डर स्वतः नाहीतर त्याचा मुलगा-पुतण्या बसलेला असतो. त्याला एक प्रश्न मी नेहमी विचारतो, ‘शेवटचा ताबा कुठल्या इमारतीचा दिलात?’ नाव मिळतं, कॉलनी मिळते. दुसऱ्या दिवशी तिथं जाता येतं. महानगरातल्या हॉलमध्ये याचं उत्तर बहुतेक वेळा ‘कंपनी प्रोफाइल पाठवतो सर’ असं येतं.

तिसरी गोष्ट भावाची, आणि इथं प्रदर्शनाला तोड नाही. एका छताखाली पंधरा-वीस प्रकल्पांची दरपत्रकं दोन तासांत गोळा होतात. घरी येऊन सगळे भाव कार्पेटच्या चौरस फुटावर आणायचे. रेरा या बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यानं कार्पेटची व्याख्या ठरवून दिली आहे. आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. स्टॉलवर मात्र अजूनही जिने-लॉबीचा वाटा धरून फुगवलेल्या ‘सेलेबल’ फुटाची भाषा कानावर पडते. ‘सेलेबल’मध्ये स्वस्त वाटलेला प्रकल्प कार्पेटवर आणल्यावर महागात जातो, असं मला दर प्रदर्शनात एकदा तरी दिसतं.

आणि बँकांचे स्टॉल. लोक तिथं फक्त व्याजदर विचारून पुढे जातात. मी विचारतो, या हॉलमधल्या कुठल्या प्रकल्पांना तुमच्या बँकेची प्रकल्प-मंजुरी आहे? यादी मिळते. मग हळूच, ‘आणि कुठल्यांना नाही?’ याचं तोंडी उत्तर कमी जण देतात, पण यादीत जे नाव नसतं ते आपोआप कळतं. बँकेची मंजुरी म्हणजे टायटलची, म्हणजे मालकी हक्काची, हमी नव्हे, हे खरं. पण बँकेच्या वकिलानं कागद पाहिलेत आणि न पाहिलेत यात फरक आहेच.

दोष? आहेत. संघटनेचं प्रदर्शन म्हणजे संघटनेच्या सभासदांचं प्रदर्शन. सभासद नसलेला चांगला छोटा बिल्डर तिथं नसतो, आणि जुन्या, राहत्या इमारतींतले रिसेलचे फ्लॅट तर नसतातच. भाड्याच्या दृष्टीनं अनेकदा तेच बरे पडतात. शिवाय ‘फक्त प्रदर्शनापुरती’ सवलत. मुद्रांक शुल्क माफ, नोंदणी माफ, जीएसटी माफ म्हणजे भावात तेवढी जागा आधीपासून होती, एवढाच त्याचा अर्थ घ्यायचा. मांडव उठल्यावर आठवड्यानं जाऊन बसलं की तीच सवलत पुन्हा टेबलावर येते. निदान मला अजून तरी ‘मुदत संपली’ म्हणून कुणी परत पाठवलेलं नाही.

जागेवरच टोकन देण्याचा मोह झालाच तर दोन गोष्टी माहीत हव्यात. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेरा कायद्याचं कलम १३. आणि महारेरा या राज्याच्या रेरा प्राधिकरणानं २०२२ मध्ये वाटपपत्राचा (अलॉटमेंट लेटरचा) जो नमुना ठरवून दिला, त्यात वाटपपत्रापासून १५ दिवसांत बुकिंग रद्द केलं तर कपात नाही, त्यानंतर जसजसे दिवस जातील तसतशी ती १ ते २ टक्क्यांपर्यंत. पण हे वाटपपत्र हातात पडलं असेल तर. प्रदर्शनात पुष्कळदा मिळते ती साध्या कागदावरची टोकनची पावती. त्यावर फ्लॅट नंबर आहे का, रेरा क्रमांक आहे का, पैसे परत कधी देणार ते लिहिलंय का, हे पाहिल्याशिवाय यूपीआय उघडू नये.

घरबसल्या कागद

प्रदर्शनाच्या आधी की नंतर? लोक आधी करतात आणि कंटाळतात, कारण महारेराच्या पोर्टलवर हजारो नावं असतात. मी नंतर करतो. मांडवातून आणलेली पंधरा नावं घेऊन बसलं की एका रविवारी तीन-चारवर येतात.

५०० चौरस मीटरहून मोठी जागा आणि आठहून जास्त सदनिका असतील तर महारेराच्या नोंदणीशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. प्लॉटचे ले-आउटही यात आले. १ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. स्टॉलवरच फोन काढून स्कॅन करा. स्टॉलवरचं नाव एक आणि उघडलेल्या पानावर भलताच प्रकल्प, असा प्रकार मी एकदा पाहिलाय. एक गमतीची गोष्ट, बऱ्याच नोंदणी क्रमांकांत ‘पी’नंतरचे तीन आकडे जिल्ह्याचे असतात. पुणे ५२१, नाशिक ५१६, कोल्हापूर ५३०. एजंटचा क्रमांक ‘ए’नं सुरू होतो. एजंटचा क्रमांक दाखवून ‘हा बघा रेरा नंबर’ म्हणणारे भेटतात, म्हणून सांगितलं.

पानावर मी तीनच गोष्टी बघतो. ताबा द्यायची मूळ तारीख आणि सुधारित तारीख. एकूण किती सदनिका आणि किती बुक झाल्या, कारण बिल्डरला ही माहिती दर तिमाहीला भरावी लागते आणि स्टॉलवरचं ‘शेवटचे चारच राहिलेत’ इथं उघडं पडतं. आणि जागेवर बोजा किंवा दावा काय आहे.

मग नोंदणी व मुद्रांक विभागाचं ई-सर्च. गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकला की झालेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन दिसते, तीत मोबदला आणि सरकारी बाजारमूल्य दोन्ही असतात. प्रदर्शनातला भाव म्हणजे मागणी, हा झालेला व्यवहार. दोन्हींत अंतर किती, हे पाहिल्याशिवाय घासाघीस करायला बसू नये. अर्थात छोट्या शहरांत अजूनही काही व्यवहारांत थोडे पैसे रोखीनं फिरतात, आणि अशा दस्तातला आकडा खऱ्यापेक्षा कमी असतो. म्हणून एका दस्तावर जायचं नाही. त्याच इमारतीतले, त्याच वर्षातले सात-आठ बघायचे.

प्लॉट असेल तर सातबारा, फेरफार आणि झोन दाखला. विकास आराखड्यात जागा हरित पट्ट्यात आहे की रहिवासी, हे झोन दाखल्यावर एका ओळीत असतं. नदीकाठच्या शहरात पूररेषाही बघायची. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या टापूत, बांधकामावर बंधनं असतात. लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. कोल्हापूर-सांगलीनं २०१९ मध्ये महापूर पाहिला आणि दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा पाहिला. त्या भागातल्या एकाही स्टॉलवर मला पूररेषेचा नकाशा लावलेला दिसलेला नाही. स्विमिंग पूल मात्र होता.

स्वतःची फेरी

कागद खोटं सहसा बोलत नाहीत, पण अर्धंच बोलतात. भाडं किती मिळतं, घरं भरलेली आहेत का, हे कुठल्याच पोर्टलवर नीट मिळत नाही.

मी बिल्डरनं सांगितलेल्या ‘शेवटच्या ताब्याच्या’ इमारतीत जातो, ताबा देऊन दोन-तीन वर्षं झालेली असेल तर उत्तम. संध्याकाळी साडेसात-आठला. खालून किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजायचे. मग पार्किंगमधली मीटरखोली. किती मीटरचे आकडे हलतायत आणि किती मीटर धूळ खात तसेच पडलेत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीतल्या दोऱ्या. दोरीवर कपडे असले म्हणजे घरात माणूस आहे. एका इमारतीत ४८ मीटर होते, दिवे १७ घरांत. वॉचमन म्हणाला, ‘बाकीचे पुण्याचे आहेत साहेब, चावी माझ्याकडं.’ त्याच्या कोनाड्यात चाव्यांचा जुडगाच होता, प्रत्येक चावीला फ्लॅट नंबरची चिकटपट्टी लावलेली. त्यातल्या नऊ चाव्या त्यानं स्वतःहून दाखवल्या आणि विचारलं, ‘भाड्यानं पाहिजे का विकत? दोन्ही मिळंल.’ मांडवात त्याच बिल्डरच्या पुढच्या प्रकल्पाला रांग लागली होती.

इस्त्रीवाला, किराणा दुकान, मेस चालवणाऱ्या ताई, यांच्याकडून भाड्याचे जे आकडे कळतात ते एजंटच्या आकड्यापेक्षा खालचे निघतात. कोणतं घर रिकामं झालं की किती दिवसांत भरतं, हेही तिथंच कळतं. लातूरसारख्या शहरात शिकवण्यांसाठी बाहेरगावची मुलं येतात, तिथं खोल्यांना मागणी आहे. पण ती कोचिंगपासून चालत जाता येईल एवढ्या टापूत आणि खोलीच्या हिशेबानं. लांबच्या टॉवरमधल्या टू बीएचकेला तिचा उपयोग नाही. आणि लातूरलाच २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. म्हणून शक्य असेल तर फेरी एप्रिल-मेमध्ये मारावी आणि गेटवर टँकर किती येतात ते बघावं.

मोठ्या घोषणाही जागेवर जाऊनच तोलाव्यात. कोल्हापुरात ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, ही झालेली गोष्ट आहे आणि वकील-पक्षकारांची ये-जा खरी आहे. पण ऑफिस त्यांना कोर्टाच्या आसपास हवं. शहरापासून पंधरा किलोमीटरवरचा प्लॉट ‘सर्किट बेंचमुळे’ कसा वाढणार, ते मला कुणी पटवून दिलेलं नाही. नाशिकचा २०२७ चा सिंहस्थ रस्ते आणि पूल ठेवून जाईल, पण यात्रेकरूंचं भाडं यात्रेबरोबर जाईल. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या औद्योगिक नगरीत कारखाने खरे उभे राहतायत. तिथं बघायचं ते कामगार राहतात कुठं आणि कितीच्या खोलीत. आणि पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वे? खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला अडथळा नको म्हणून तिचा मार्गच पुन्हा आखायला घ्यावा लागला. पहिल्या आखणीतल्या स्टेशनांच्या भरवशावर ज्यांनी प्लॉट घेतले ते आता नकाशाकडे बघत बसलेत.

या फेरीचा तोटा म्हणजे वेळ, आणि दुसरा असा की एका फेरीत एकच शहर होतं. नोकरी करणाऱ्या माणसाला पाच शहरं अशी पिंजून काढता येत नाहीत. म्हणूनच आधी चाळण हवी.

शेजारी शेजारी मांडायचं तर:

| काय कळायला हवं | महानगरातलं प्रदर्शन | त्याच शहरातलं प्रदर्शन | पोर्टल | फेरी |
|---|---|---|---|---|
| मागणीचा भाव | हो, फुगवून | हो, सगळ्यात छान | नाही | तुकड्यातुकड्यांत |
| झालेला व्यवहार | नाही | नाही | हो | ऐकीव |
| परवानग्या, बोजा | तोंडी | तोंडी, बँकेकडून थोडं | हो | नाही |
| भाडं, रिकामी घरं | नाही | गर्दीवरून अंदाज | नाही | हो |
| बिल्डरची जुनी कामं | प्रोफाइल | इमारतीचं नाव | तारखा | दिवे आणि मीटर |

आकडेमोड

स्टॉलवर परतावा सांगतात तो भाडं भागिले फ्लॅटची किंमत. धरून चाला, महापालिका हद्दीत ४० लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट, भाडं ९,०००. वर्षाचे १,०८,००० म्हणजे २.७ टक्के.

आता खरा खर्च. महानगर नसलेल्या शहरात ४५ लाखांपर्यंतचं आणि ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतचं घर असेल तर जीएसटी १ टक्का, ४०,०००. त्यापुढे ५ टक्के लागतो, आणि पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घराला लागतच नाही. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरलं तर २,४०,०००. नोंदणी ३०,०००. एकूण ४३,१०,०००. भाड्यातून मेंटेनन्सचे दरमहा १,५००, वर्षातला एक महिना रिकामा, घरपट्टी ६,०००, असं वजा केलं की हातात ७५,००० राहतात. परतावा पावणेदोन टक्क्यांच्याही आत. कर्ज काढून घेतलं असेल तर बोलूच नका.

म्हणजे सगळी भिस्त भाववाढीवर. आणि २३ जुलै २०२४ नंतर घेतलेल्या घरावरच्या दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, महागाईच्या निर्देशांकाची वजावट न देता. भाव सावकाश चढणाऱ्या शहरात हे चांगलंच जाणवतं. ‘हमखास भाडं’ देणाऱ्या योजना असतात, त्यात पहिली दोन-तीन वर्षं तुमचेच पैसे तुम्हाला हप्त्यानं परत येतात, भाव त्या हिशेबानं आधीच चढवलेला असतो.

मग कुणी काय करावं

ज्या शहरात तुमचं नात्यागोत्याचं कुणी राहतं, ते शहर आधीच ठरलंय, तर महानगरातलं प्रदर्शन सोडून द्या. स्थानिक प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी जा, संध्याकाळी, स्टॉलवाले दमून खरं बोलायला लागतात तेव्हा. सोमवारी रजा टाकून दोन इमारती बघा.

शहर ठरलेलं नसेल तर महानगरातल्या प्रदर्शनाची एक संध्याकाळ वाया जात नाही. पण तिथून नावं घेऊन पोर्टलवर बसा, फेरी त्यानंतर. हा क्रम उलटला की बिल्डरच्या गाडीतून, बिल्डरच्या रस्त्यानं, बिल्डरच्या जेवणानंतर साइट बघायची वेळ येते.

परदेशात किंवा फार लांब राहणाऱ्यांना फेरी जमत नाही. त्यांनी निदान बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाच्या आणि प्लॉटच्या भानगडीत पडू नये. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला, भाडेकरू बसलेला फ्लॅट घ्यावा आणि मीटरखोली बघायला विश्वासातला माणूस पाठवावा. असे फ्लॅट प्रदर्शनात नसतात, सोसायटीच्या फळ्यावर असतात.

माझं म्हणाल तर गेल्या मोसमात एका स्थानिक प्रदर्शनातून सोळा दरपत्रकं आणली. पोर्टलवर बसल्यावर चार उरली. फेरीनंतर त्यांतलं एकही नाही, मनात भरला तो निराळाच. त्यांतल्या एका प्रकल्पाच्याच रस्त्यावरच्या नऊ वर्षांच्या जुन्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, मालक शिक्षक, निवृत्त होऊन मुलाकडे चाललेले. इमारतीत २४ मीटर, २२ चालू. सरांना भाव थोडा जास्त हवाय आणि मला थोडा कमी. सूची क्रमांक दोनमधले सात दस्त छापून त्यांच्यासमोर ठेवलेत. सर रोज संध्याकाळी चष्मा लावून ते तपासतायत, असं वॉचमन सांगतो.